ईगल फार्म, ९ जून १९२८ : विमान झालं, आता गर्दी

'सदर्न क्रॉस' विमानाचं माझं एकास बहात्तर मापाचं (खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्श्याएवढं) मॉडेल एकदाचं स्वतःच्या चाकांवर उभं राहिलं. पंख सरळ बसलाय, तिन्ही इंजिनं जागेवर आहेत, शेपूट टेकतेय. म्हणजे सोपा भाग संपला. मला नुसतं विमान करायचंच नव्हतं. ब्रिस्बेन शहराने त्याचं जे स्वागत केलं, ते करायचंय, आणि स्वागत म्हणजे माणसं. बारा मिलिमीटरपासून चोवीस मिलिमीटरपर्यंत उंचीची, टोप्या घातलेली, शेकड्यांनी माणसं.

मधूनच वाचायला घेतलेल्यांसाठी थोडक्यात. चार्ल्स किंग्सफर्ड स्मिथ आणि चार्ल्स उल्म हे दोघे ऑस्ट्रेलियन, सोबत नॅव्हिगेटर हॅरी लायन आणि रेडिओवाला जेम्स वॉर्नर हे दोघे अमेरिकन. ३१ मे १९२८ ला 'सदर्न क्रॉस'मधून कॅलिफोर्नियातल्या ओकलंडहून निघाले. हवाई आणि फिजीतलं सुव्हा असे मुक्काम करत ९ जूनला सकाळी १०.५० वाजता ब्रिस्बेनच्या ईगल फार्म मैदानावर उतरले. अमेरिकेहून ऑस्ट्रेलियाला पॅसिफिक ओलांडून विमानाने कुणी आलं, ते पहिल्यांदाच. हवेतला वेळ ८३ तास ३८ मिनिटं, अंतर साडेअकरा हजार किलोमीटरच्या आसपास. हवाई ते सुव्हा हा टप्पा तर एका दमात साडेचौतीस तासांचा होता. शेवटच्या रात्री वादळात सापडून वाट चुकली आणि किनारा लागला तो बॅलिनापाशी, ब्रिस्बेनच्या बराच दक्षिणेला. तिथून उत्तरेकडे वळून आणखी १७० किलोमीटर. इकडे मैदानावर सुमारे २६ हजार लोक आकाशाकडे डोळे लावून बसलेले. १९३३ च्या जनगणनेतसुद्धा ब्रिस्बेनची वस्ती तीन लाखांना जेमतेम टेकत होती. तेव्हा गावातला दर दहा-बारा जणांमागे एक त्या शनिवारी तिथे होता असं धरा.

आधी विमानाबद्दल दोन शब्द, कारण रंगाचं बऱ्याच जणांनी विचारलं होतं. निळं धड, रुपेरी पंख. यातला रुपेरी रंग चकचकीत धातूचा करू नका. हे विमान फोकर या डच कंपनीचं, आणि फोकरचा पंख प्लायवुडने मढवलेला असायचा आणि धडाच्या पोलादी नळ्यांच्या सांगाड्यावर कापड. धातूचा पत्रा उघडा दिसेल अशी जागा फारच थोडी. मी साध्या अ‍ॅल्युमिनियम रंगात किंचित करडा मिसळून वर मॅट वार्निशचा हात दिला. निळ्याची नेमकी छटा कोणती यावर वाद घालायला मी तयार आहे, पण कृष्णधवल फोटोवरून कुणी छातीठोकपणे सांगायला लागलं की मी विषय बदलतो.

इंजिनं राइट जे-५ व्हर्लविंड, प्रत्येकी नऊ सिलिंडर. मधलं नाकात, बाजूची दोन पंखाखाली दांड्यांवर उघडी टांगलेली. सत्तावीस सिलिंडरांचे पुशरॉड (झडपा उघडणारे बारीक दांडे) ताणलेल्या स्प्रूचे, म्हणजे किटचे सुटे भाग ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिचे, केले. डोळे कामातून गेले, पण इंजिनांवर आवरण नसल्यामुळे चुकवायला जागाच नाही. तेलाचे ओघळ मात्र हात राखून दिलेत. रात्रभर पावसात धुऊन निघालेलं विमान आहे ते, तेव्हा काजळी एक्झॉस्टपाशी आणि पोटाखाली, बाकी ठिकाणी फिकट पुसट.

खरं विमान आजही ब्रिस्बेन विमानतळाच्या आवारात काचेच्या इमारतीत ठेवलंय. माझा मेहुणा तिथे जाऊन भरपूर फोटो काढून आला. त्यातल्या निम्म्या फोटोंत विमानापेक्षा काचेतलं मेहुण्याचं प्रतिबिंब ठळक आहे. उरलेले चाकांच्या दांड्यांसाठी उपयोगी पडले. तरी जपून वापरावे लागतात, कारण १९२९ मध्ये हे विमान हॉलंडला फोकरच्या कारखान्यात जाऊन पुरतं दुरुस्त होऊन आलं आणि त्यानंतरही त्यात बदल होत राहिले. जून १९२८ चं विमान हवं असेल तर जून १९२८ चेच फोटो बघायला हवेत.

आता गर्दी. कागदावर हिशोब करून बघितला. दाटीने उभ्या माणसाला अर्धा मीटर बाय अर्धा मीटर जागा धरली, तर एकास बहात्तरमध्ये ती सात मिलिमीटर बाय सात मिलिमीटर होते. २६ हजार माणसं सव्वा चौरस मीटरमध्ये मावतात! म्हणजे जागेचा प्रश्न नाहीच, प्रश्न रंगवणाऱ्याच्या आयुष्याचा आहे. माझा बेस चाळीस बाय साठ सेंटिमीटरचा, त्यातला निम्मा अडवणारा तीस सेंटिमीटरचा पंख. तेव्हा पुढे एकास बहात्तरची माणसं, त्यामागे मॉडेल रेल्वेवाल्यांची एकास सत्त्याऐंशीची, त्यामागे एकास दीडशेची, असा उतरता क्रम लावलाय. मागची सगळी आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांना मॉडेलसाठी मिळतात ती पांढरी पुतळीवजा माणसं. पिशवीच्या भावात मिळतात आणि लांबून कुणाला कळत नाही.

अडचण एकच, या सगळ्यांची डोकी उघडी. १९२८ साली बोडक्या डोक्याने समारंभाला जाणारा माणूस विरळा. शिवाय जून म्हणजे तिथला हिवाळा, म्हणजे अंगावर कोट. कोटाचं निभावतं, शर्टाच्या खाली पुट्टीचा पातळ घोळ ओढला की झालं. टोप्यांनी मात्र घाम काढला. शेवटी जी रीत जमली ती अशी: चामड्याला भोकं पाडायचा फिरत्या तोंडांचा पंच घ्यायचा. त्याचं सगळ्यात मोठं, साडेचार मिलिमीटरचं तोंड म्हणजे बरोब्बर फेडोराचा, तेव्हाच्या पुरुषी हॅटचा, काठ. पाव मिलिमीटरच्या प्लॅस्टिक कार्डातून चकत्या पाडायच्या. माणसाचं डोकं कपाळापासून सपाट कापायचं, त्यावर चकती, चकतीवर स्प्रूचा दीड मिलिमीटर जाडीचा काप. लिक्विड सिमेंट लावून ते जरा मऊ पडलं की चिमट्याच्या टोकाने कापाला मध्ये दाबायचं, फेडोराची खोच आपोआप पडते. मग टोपी किंचित मागे कलती करायची, कारण सगळे वर बघतायत. बायकांच्या क्लोश, म्हणजे डोक्याला घट्ट बसणाऱ्या घंटेसारख्या, टोप्यांना तर काहीच करावं लागत नाही. डोक्यावर फेव्हिकॉलचा थेंब, मुंडकं खाली करून सुकवायचं, थेंब कानांपर्यंत उतरून घट्ट बसतो. एकास दीडशेवाल्यांना टोपी म्हणून नुसता गडद रंगाचा ठिपका.

क्षण कोणता पकडायचा यावर डोकं बरंच खाजवलं. आदल्या वर्षी अटलांटिक एकट्याने ओलांडून पॅरिसच्या ल बुर्जे विमानतळावर लिंडबर्ग उतरला तेव्हा लोकांनी दोर-पोलिस न जुमानता विमान गाठलं आणि आठवण म्हणून त्याचं कापड फाडून नेलं. ते दृश्य करायला मजा येईल, पण ते ब्रिस्बेन नव्हे. शिवाय तीन फिरते पंखे आणि धावती गर्दी हे मांडायला माझा हात धजावत नाही. मी घेतलाय तो त्यानंतरचा क्षण: पंखे थांबलेत, दार उघडलंय, माणसं खाली उतरलीयत. आणि इथेच मला या स्वागताची सगळ्यात भारी गोष्ट सापडली. तीन इंजिनांच्या गोंगाटाने चौघांचेही कान बसले होते. हवेत एकमेकांशी बोलायचं तर चिठ्ठ्या. वैमानिकांच्या मागे पेट्रोलची मोठी टाकी आडवी, म्हणून चिठ्ठी काठीच्या टोकाला लावून पलीकडे सरकवायची. म्हणजे हजारो लोक बेंबीच्या देठापासून ओरडतायत आणि ज्यांच्यासाठी ओरडतायत त्यांना धड ऐकू येत नाहीये! म्हणून माझ्या चौघांतल्या एकाचा हात कानामागे आहे, दुसरा समोरच्याच्या ओठांकडे टक लावून बघतोय. सत्काराला पुढे झालेले एक गृहस्थ हॅट काढून वाकलेत. तेव्हाचे महापौर विल्यम जॉली, असं मी मनात धरलंय. चेहरा दोन मिलिमीटरचा, त्यामुळे साधर्म्य कुणी तपासू नये.

उजेडाबद्दल एक सूचना, दक्षिण गोलार्धातलं काही करत असाल तर. आपल्याला सवय हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला असण्याची. तिथे तो उत्तरेला. माझ्या गणिताने त्या दिवशी त्या वेळेला तो क्षितिजापासून सदतीस-अडतीस अंशांवर येतो, म्हणजे सावल्या माणसाच्या उंचीच्या सव्वापट, दक्षिणेच्या जरा पश्चिमेला पडलेल्या. फोटोसाठी दिवा त्या कोनात बांधून ठेवलाय. सव्वापट सावलीचा फायदा असा की चारशे माणसं आठशेंसारखी दिसतात.

बेस मुद्दाम सुटा ठेवलाय, कारण याच मैदानावर दुसरं विमान आणायचंय. २९ मे १९३०, एमी जॉन्सन. लंडनजवळच्या क्रॉयडनहून ५ मे ला एकटी निघालेली, कराची, झाशी, कोलकाता करत २४ मे ला डार्विनला पोहोचलेली. ऑस्ट्रेलियापर्यंत एकटीने विमान नेणारी पहिली बाई. झाशीला तर ती पेट्रोल संपत आलं म्हणून छावणीच्या कवायतीच्या मैदानावरच उतरली होती. एवढं सगळं पार पाडून ईगल फार्मला मात्र विमान मैदानात थांबेना, कुंपण तोडून पुढे गेलं आणि उलटं झालं, तेही जमलेल्या ब्रिस्बेनकरांच्या डोळ्यांदेखत. तिला फारसं लागलं नाही. पुढे सिडनीला ती दुसऱ्याच्या विमानातून गेली. मला विचाराल तर दोन्हींत हे स्वागत जास्त जिवंत. पहिल्यात लोक टाळ्या वाजवतायत, दुसऱ्यात टाळ्यांसाठी उचललेले हात तसेच राहिलेत.

तिचा 'जेसन' म्हणजे गर्द हिरवा जिप्सी मॉथ, एकास बहात्तरमध्ये पंख जेमतेम पावणेतेरा सेंटिमीटर. फोकरशेजारी ठेवला की खरंच हसू येतं. फोकरच्या पंखाला बाहेरून ताणाची एकही तार नव्हती, मॉथला दोन पंखांमध्ये ताराच तारा, आणि त्याही उलट्या पडलेल्या विमानात सैल-घट्ट दाखवायच्या. ताणाच्या तारांना लायक्राचा रबरासारखा ताणणारा धागा आणि लोंबणाऱ्यांना तांब्याची बारीक तार, असा सध्याचा बेत आहे. त्याआधी शंभरेक टोप्या बाकी आहेत.