जिप्सी डायरी ६ : गाडी शांत झाली म्हणून मी खूश होतो

मागच्या नोंदीत छाती फुगवून लिहिलं होतं, की माझ्या मारुती जिप्सीचा रेडिएटर उतरवून साफ केला, कूलंट नवं भरलं, आता तापमानाचा काटा वर जायचं कारणच नाही. काट्याने ते वाचलेलं दिसत नाही.

गेल्या रविवारी सिंहगडावर गेलो. गोळेवाडी सोडली आणि गाड्यांची रांग लागली. पहिला गिअर, दुसरा गिअर, ब्रेक, परत पहिला. कंपनीचा काटा गार आणि गरम एवढंच सांगतो, म्हणून रेडिएटरच्या वरच्या होजमध्ये अडॅप्टर घालून डिजिटल गेज बसवलंय. त्यावर १०४ अंश. कडेला घेतली, बॉनेट उघडलं, चहा घेतला. शेजारी थांबलेल्या एका काकांनी सल्ला दिला, "थर्मोस्टॅट काढून टाका." हा सल्ला महाराष्ट्रात कुठेही, कुठल्याही गाडीला, फुकट मिळतो. घेऊ नका. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंटला रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप. ती नसली की इंजिन लवकर तापत नाही, पेट्रोल जास्त खातं, आणि घाटात गरम व्हायचं ते होतंच.

आठवडाभराचे आकडे वहीत आहेत. हायवेला ८० च्या वेगात ८६. सिग्नलला उभी असताना ९४-९५. चढावर रांगताना १०० च्या वर. याचा अर्थ मी असा लावला : वेगात वारा समोरून फुकट मिळतो आणि तेव्हा गाडी गार राहते, म्हणजे रेडिएटर आणि पंप आपापलं काम करतायत. वारा ओढायची जबाबदारी पंख्यावर आली की बोंब. दोष पंख्याच्या खात्यात.

इथे आपल्या जिप्सीवाल्यांत दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, इंजिनवरचा क्लचवाला पंखा (इंजिनच फिरवतं, पण गरम झाल्यावरच पूर्ण धरतो तो) फेकून दे आणि इलेक्ट्रिक लाव. दुसरा म्हणतो, बनवणाऱ्यांनी विचार करूनच दिलाय. मी पहिल्या पक्षात होतो, कारण तिथे वायरिंग करायला मिळतं.

जुन्या बाजारातून मारुती ८०० चा पंखा मोटरसकट उचलला. त्या गाडीत इंजिन आडवं असतं, बेल्टवरचा पंखा रेडिएटरसमोर येऊच शकत नाही, म्हणून तिथे इलेक्ट्रिक. आपल्या जिप्सीत इंजिन उभं, पंखा थेट वॉटर पंपाच्या पुलीवर. क्लच सोडवायला १० चे चार नट, पण पंखा एकटा बाहेर येत नाही, काउल, म्हणजे पंख्याभोवतीचं आवरण, सैल करून दोन्ही एकदम वर काढावं लागतं. बोटांची सालं त्यातच गेली. पट्टीचे ब्रॅकेट करून नवा पंखा बसवला. रेडिएटरच्या जाळीतून प्लास्टिकचे टाय ओढून पंखा बांधतात, तसं करू नका. थरथरीने टाय ट्यूबला घासतो आणि काही महिन्यांत पाणी गळतं. वायर जाड, ३० अँपिअरचा रिले, बॅटरीपाशी फ्यूज, आणि रेडिएटरच्या खालच्या टाकीत पाणी तापलं की चालू आणि गार झालं की बंद होणारा स्विच. क्लॅम्प मीटरवर चालताना ११ अँपिअर, सुरू होताना क्षणभर त्याच्या दुपटीहून जास्त. रात्री हेडलाइट आणि पंखा एकदम चालू, गाडी आयडलवर : बॅटरीवर १२.७ व्होल्ट. म्हणजे अल्टरनेटर हातघाईला आलेला.

सिग्नलला मात्र कमाल. ८९ च्या वर गेलीच नाही. इंजिन ८०० फेऱ्यांवर घुटमळत असताना क्लचवाला पंखा तरी किती फिरणार? इलेक्ट्रिकला इंजिनशी देणंघेणं नाही, तो पूर्ण वेगातच फिरतो. दोन दिवस मी हवेत होतो.

मग परत सिंहगड. १०१. पंखा एकदा सुरू झाला तो वरच्या पार्किंगपर्यंत बंद झाला नाही. चूक माझीच होती. काउल काढून ठेवलं होतं, त्यामुळे हा छोटा पंखा फक्त आपल्यासमोरच्या गोलातून हवा ओढतो, उरलेली जाळी नुसती बघत बसते. आणि पहिल्या-दुसऱ्या गिअरला चढताना इंजिन भरपूर फिरत असतं, तेव्हा पुलीवरचा मोठा पंखा जेवढी हवा ओढेल, तेवढी ११ अँपिअरची मोटर कुठून ओढणार!

पण मग तो मोठा पंखा आधी का ओढत नव्हता? हा प्रश्न मी पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता.

काढून ठेवलेला क्लच फडताळावरून खाली घेतला. पुढच्या तोंडावर चपटी गुंडाळलेली स्प्रिंग असते. रेडिएटरमधून आलेली हवा तापली की ती पिळते आणि आतली झडप उघडते. मग आतल्या कप्प्यातलं सिलिकॉन तेल खाचांमध्ये येतं, आणि त्या घट्ट तेलाच्या ओढीने पंखा पुलीबरोबर फिरायला लागतो. हवा गार झाली की तेल परत कप्प्यात आणि पंखा ढिला. हायवेला म्हणूनच तो इंजिनची ताकद फारशी खात नाही. पंख्याचा वेग दुप्पट केला तर ताकद आठपट लागते, तेव्हा ही सोय साधीसुधी नाही. माझ्या क्लचच्या स्प्रिंगभोवती आणि मागच्या कडेला काळा, चिकट, धुळीचा थर होता. मी तो आजवर ग्रीस समजत होतो. तेल गळून गेलेलं.

खात्रीसाठी तो परत चढवला, गाडी चांगली तापवली, बंद केली, चावी खिशात टाकली आणि पात्याला बोटाने टिचकी मारली. तीन फेऱ्या मारून थांबला. तापलेल्या धडधाकट क्लचवर एकही पूर्ण होऊ नये. (काही जण चालू पंख्यात वर्तमानपत्राची गुंडाळी घालून बघतात. मी घालणार नाही.)

नवा क्लच आला तो दुकानात आडवा ठेवलेला. उभाच ठेवायचा असतो, नाहीतर तेल भलत्या जागी उतरतं. घरी एक रात्र उभा ठेवून मग बसवला, काउलसकट. काल संध्याकाळी सिंहगड : ९६. दुसऱ्या वळणावर क्लच धरल्याचा आवाज आला, बस घाट चढताना येतो तसा. सिग्नलला ९३, म्हणजे इलेक्ट्रिकपेक्षा चार जास्तच, ते मान्य.

ज्याची गाडी शहरातच फिरते त्याने खुशाल इलेक्ट्रिक लावावा, पण पूर्ण काउलसकट आणि अल्टरनेटरचा हिशेब करून. ओढ्यात गाडी घालणाऱ्यालाही तो बरा, पाण्यात शिरताना स्विचने बंद करता येतो. क्लचवाल्याची पाती पाण्यात पुढे वाकून रेडिएटर कापू शकतात, त्यामुळे समोर ताडपत्री बांधणं आलं. माझं वर्षातून दोनदा पाणी, बाकी घाटच घाट. क्लच राहतोय.

आज सकाळी गाडी सुरू केली तर पहिली दोन मिनिटं पंखा घोंघावत होता. रात्रभरात खाचांत उतरलेलं तेल परत जाईपर्यंत तो धरून असतो. हा आवाज माझ्या गाडीतून दोन वर्षांपूर्वी गायब झाला होता आणि मी तेव्हा याच डायरीत लिहिलं होतं, "इंजिन ऑइल बदलल्यावर गाडी शांत झाली." वरच्या मजल्यावरचे काका गॅलरीत आले, "काय हो, बिघडली का?" म्हटलं, नाही काका, सुधारली. त्यांना पटलेलं दिसलं नाही.

वॉटर पंपाच्या पुलीला किंचित खेळ जाणवतोय. पुढच्या शनिवारी बेल्ट काढून बघतो.