लवकरच येत आहे

रविवारची दुपार, जेवणं आटोपलेली, पंखा फिरतोय, आणि पुरवणीच्या शेवटच्या पानावर ते चित्र. जांभळी संध्याकाळ. वळणं घेत गेलेला रोलरकोस्टरचा लाल रूळ, त्यावर खेळण्यातली वाटावी अशी गाडी, गाडीत आजी, आजोबा, आई, बाबा, दोन मुलं. सगळ्यांचे हात वर, आजीचेसुद्धा. आजीचा पदर जागच्या जागी, आजोबांचा चष्मा नाकावर. मागे आकाशात गरम हवेचा एक फुगा. असल्या चित्रांत तो असतोच, पार्क कुठल्याही देशातलं असो. खाली ठसठशीत अक्षरांत, 'संपूर्ण कुटुंबासाठी नवी राइड'. त्याखाली 'लवकरच येत आहे'. आणि अगदी कोपऱ्यात, मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत, 'चित्र काल्पनिक'.

असं चित्र दिसलं की आधी सीट मोजायच्या, ही जुनी खोड. किती उंच, किती वेगवान हे वाचायचंच नाही. ते आकडे जाहिरातीसाठीच जन्माला आलेले असतात. डबे किती, डब्यात माणसं किती, एवढं बघायचं. या चित्रात सहा डबे, डब्यात चौघं. चोवीस. मग पुढचा प्रश्न, गाडी दर किती सेकंदांनी सुटणार? कागदावर ९० धरू. म्हणजे तासाला ४० फेऱ्या आणि ९६० माणसं. कागद खूश.

आता फलाटावर या. गाडी लागली आहे, पण उतरणारे उतरत नाहीत, कारण एकाची चप्पल सीटखाली सरकली आहे. चढणाऱ्यांत चष्मा खिशात ठेवायचा की पर्समध्ये यावर चर्चा. ओढणी कमरेला बांधायला सांगितली आहे, ती गाठ सुटते. धाकट्याला बाबांशेजारी बसायचंय, थोरल्यालाही बाबांशेजारीच, आणि ओळीत सीट दोनच. हे मिटलं की मांडीवरचे दांडे खाली येतात, ऑपरेटर एकेक दांडा हाताने वर ओढून बघतो, टोकाला पोचल्यावर अंगठा दाखवतो, पलीकडचाही अंगठा दाखवतो, मग गाडी हलते. दीड मिनिटाची दोन मिनिटं झाली आणि ९६०चे ७२० उरले. तेही दोन गाड्या चालू असताना. दुसरी गाडी दुरुस्तीला आत गेली असेल तर उरलेली एकटी दोन मिनिटं फिरते, दोन मिनिटं भरते. तासाला पंधरा फेऱ्या, ३६० माणसं. रांगेत पाचशे जण असले तर पहिल्या हिशेबाने अर्धा तास, या हिशेबाने एक तास तेवीस मिनिटं. दोन मिनिटांच्या फेरीसाठी.

दुसरी गाडी आत का जाते, तर चाकांपायी. रुळावर धावणारं एक चाक, बाजूने धरणारं एक आणि गाडी उडू नये म्हणून रुळाच्या खालून लागलेलं एक, अशी तिघांची टोळी. डब्याच्या चारही कोपऱ्यांना अशी टोळी धरली तर सहा डब्यांना बहात्तर चाकं. चाकांवर पॉलियुरेथेनचं वेष्टण असतं. मऊ ठेवलं तर प्रवास लोण्यासारखा, पण झिजतं लवकर. कडक ठेवलं तर टिकतं, पण मणके मोजून घेतं. मे महिन्यात तापून त्याचे पापुद्रे सुटायला लागले की गाडी आत. फलकावर मात्र 'तांत्रिक कारणास्तव'.

मध्येच गाडी थांबली की रांगेतून 'बिघडली, बिघडली' असा गजर होतो. बहुतेकदा बिघडलेलं काहीच नसतं. रुळाचे भाग पाडलेले असतात आणि एका भागात एका वेळी एकच गाडी, आपल्या लोकलच्या सिग्नलसारखं. पुढची गाडी कुणाच्या तरी हरवलेल्या मोबाइलसाठी फलाटावर अडकली तर मागची चढावर किंवा ब्रेकवर मुकाट उभी राहते. एखाद्या सेन्सरने गाडी गेल्याचं सांगितलं आणि पुढच्याने ती आल्याचं सांगितलं नाही, तरी सगळं थांबतं. म्हणजे राइड आपलं काम चोख करत असते, पण वर टांगलेल्या माणसाला हे कोण समजावणार? शेवटी वेग उतरवणारा ब्रेक तर हल्ली बहुधा लोहचुंबकांचा. गाडीच्या पोटाखालची धातूची पट्टी चुंबकांच्या रांगेतून गेली की वेग आपोआप गळून पडतो. वेग उतरवायला वीज लागत नाही, चालायला लागते. लोडशेडिंगच्या मुलखाला याहून सोयीचं काय असणार!

नवी राइड पहिल्याच दिवशी गाठायची हौस असणाऱ्यांना हे सगळं सांगून उपयोग नसतो. ऑर्लँडोच्या युनिव्हर्सल पार्कात १३ जून २०१९ला हॅरी पॉटरच्या जादूगारांच्या दुनियेतली मोटारसायकलची राइड उघडली, तेव्हा रांगेच्या पाटीवर दहा तास लागले होते. दहा. एवढ्या वेळात इथून लंडनला पोचता येतं. त्याच्याही आधी, १७ जुलै १९५५ला, खुद्द डिस्नीलँड उघडलं तेव्हा बनावट निमंत्रणपत्रिका घेऊन हजारो जण घुसले, आणि रस्त्यांचं डांबर इतकं ताजं होतं की बायकांच्या उंच टाचा त्यात रुतल्या. प्लंबरांच्या संपामुळे पिण्याच्या पाण्याचे नळ की संडास, यांतलं एकच वेळेत होणार होतं. वॉल्ट डिस्नीने संडास निवडले. कुटुंबाला काय लागतं हे त्या माणसाला कळत होतं, एवढं यावरून म्हणता येईल.

आपल्याकडे 'कुटुंबासाठी' हा शब्द यायच्या आधी पाळणा आला होता. अगदी जुना, लाकडी, चार पेट्यांचा, इंजिनाशिवायचा. पाळणेवाला दांड्याला लोंबकळून स्वतःच्या वजनाने तो फिरवायचा. मग आकाशपाळणा. चतुःशृंगीच्या जत्रेत म्हणा, म्हापशाला बोडगेश्वराच्या जत्रेत म्हणा, लांबून आधी त्याचे दिवे दिसतात, मग देऊळ. पायांखाली लाकडी ओंडके आणि पाचरी ठोकून त्याला समपातळीत आणलेलं असतं. बाजूला डिझेलचं इंजिन भकभकतंय, तळलेल्या भज्यांच्या वासात डिझेलचा वास मिसळलाय. आणि भरण्याची एक रीत. पहिली पेटी भरली की पाळणेवाला शेजारची भरत नाही. चाक अर्धं फिरवतो आणि बरोबर समोरची भरतो, मग आडव्या दोन, मग मधल्या. एका बाजूला वजन साचलं तर चाक उलटं ओढ घेतं, इंजिन हाफतं, म्हणून ही काळजी. कुठली पेटी जड, कुठली हलकी, हे तो तुमच्या पोटाकडे बघून ठरवतो.

त्यामुळे सगळ्यात आधी धावत जाऊन बसलेलं पोर सगळ्यात जास्त वेळ वर टांगलेलं राहतं. खाली माणसं भरताहेत, चाक हिसके देत सरकतंय, आणि वर पेटी डुलतेय. खालची माणसं खेळण्यातली दिसतात. शेजारचा चुलतभाऊ मुद्दाम पेटी हलवतो. आईच्या मांडीवरचं धाकटं भावंड गाढ झोपलेलं. पाळणा फिरायला लागतो तेव्हा खरं तर भीती संपलेली असते. उंचीची अट नाही, पट्टा नाही, मांडीसमोर एक साखळी. तिचा आकडा लागलाय की नाही हे आपलं आपण बघायचं. आठवायला हे फार गोड आहे. आज मात्र त्या आकड्याकडे बघवत नाही. पाच दिवसांत उभारून, पाच दिवसांत सोडवून, ट्रकने पुढच्या गावी नेलेल्या चाकाचा प्रत्येक बोल्ट पुन्हा तेवढाच आवळला गेला असेल, असं मानायला जत्रेतली श्रद्धाच लागते.

नव्या राइडवर तो विश्वास दांड्यावर ठेवायचा. इथे कुटुंबवाल्या राइडची खरी परीक्षा आहे. दोघांना मिळून एकच दांडा असेल तर तो जाड माणसाच्या मांडीवर अडतो, आणि शेजारच्या सहा वर्षांच्या पोराच्या पोटासमोर वीतभर पोकळी उरते. पोर सरकतं, आई एका हाताने दांडा आणि दुसऱ्या हाताने पोर धरते, हात वर करणं राहूनच जातं. प्रत्येकाला वेगळा दांडा असला तर हा प्रश्न नाही. चित्रातल्या गाडीत दांडेच दिसत नाहीत. कल्पनेतली माणसं हवेच्या भरवशावर बसलेली असतात. उंचीची पट्टीही दिसत नाही. तिचा हिशेब साधारण असा: ९० ते १०५ सेंटिमीटरपासून मोठ्या माणसाबरोबर, १२०च्या आसपास एकट्याने. फाटकाशी ती पट्टी आणि तिच्याशी चाललेली कारस्थानं सगळ्यांना पाठ आहेत. टाचा उचलणं, बुटात मोजा घडी करून घालणं, मुलीच्या केसांचा उंच बुचडा. तिथला पोरगा बुचड्यावर हात ठेवतो, हलकेच दाबतो आणि मान हलवतो.

१९८९ साली गोराईला एस्सेलवर्ल्ड सुरू झालं. बोटीने खाडी ओलांडून जायचं, हीच अर्ध्या मुलांची पहिली राइड. जाहिरातीतलं पोर घरी परतायला तयार नसे, आणि घराघरांतली पोरं त्याच्या बाजूने असत. ते पार्क २०२२मध्ये बंद झालं. २०१३मध्ये खोपोलीजवळ इमॅजिका आलं, तिथली नायट्रो ही रोलरकोस्टर चाळीसेक मीटर चढून माणसांना पाच वेळा उलटं टांगते. ती कुटुंबासाठी आहे असा दावा कुणी केला नाही, हा तिचा प्रामाणिकपणा. अडचण मधल्या राइडची. जी फार भित्री नको आणि फार धीटही नको, पाच वर्षांच्या पोराला परवडावी आणि पंधरा वर्षांच्या पोराने 'छ्या' म्हणू नये. उंची बारा ते वीस मीटर, वेग ताशी पन्नास-साठ किलोमीटर, उलटं कुठेच नाही. मग ती पुरेशी वाटावी म्हणून भोवती डोंगर उभारायचा, गुहा करायची, गुहेत हलणारा राक्षस बसवायचा.

राक्षसावर विश्वास ठेवू नये. डिस्नी कंपनीने २००६मध्ये फ्लोरिडात हिमालयाची राइड उघडली. आनंदपूर नावाचं काल्पनिक राज्य, प्रार्थनेच्या पताका, गंजके पत्रे, रंग उडालेल्या पाट्या, सगळं इतकं आपलं की तिथे पोचलेला मराठी माणूस चहाची टपरी शोधायला लागतो. शेवटच्या गुहेत सात-आठ मीटरचा यती, म्हणजे हिममानव, गाडीवर झेप घ्यायचा. काही महिन्यांतच त्याची हालचाल बंद पडली. तेव्हापासून त्याच्यावर दिवे लुकलुकवून तो हलतोय असा भास करतात. जगातल्या श्रीमंतात श्रीमंत पार्कातल्या यतीची ही गत, तर घाटाखालच्या चार महिने दमट हवेत हायड्रॉलिकच्या नळ्या आणि रबराची कातडी किती तग धरणार? पहिल्या वर्षी राक्षस डोकं, हात, जबडा हलवतो. दुसऱ्या वर्षी जबडा. तिसऱ्या पावसाळ्यानंतर नुसता आवाज येतो.

म्हणून जायचंच असेल तर उघडल्यावर दोन-तीन महिन्यांनी, शाळा चालू असताना, मंगळवारी किंवा बुधवारी. नवी गाडी आधी पाणी भरलेले प्लॅस्टिकचे पुतळे बसवून शेकडो फेऱ्या फिरवतात, तरी बेअरिंग मोकळी व्हायला वेळ जातो. पहिल्या आठवड्यात अंग चोरून धावणारी गाडी पुढे खुलते. ऑपरेटरांचे हातही तोवर बसतात. दुपारपेक्षा संध्याकाळच्या फेऱ्या वेगवान, कारण ग्रीस तापलेलं असतं. रिमझिम असली तरी चालतं, फक्त साठच्या वेगात थेंब सुईसारखे टोचतात. वीज कडाडली की सगळं बंद, आणि तेव्हा तिकीटखिडकीशी वाद घालून काही मिळत नाही.

पण थांबायचं तरी किती? 'लवकरच'ची दिवाळी होते, दिवाळीचा नाताळ, नाताळची उन्हाळी सुट्टी. परवानग्या, परदेशातून यायचे सुटे भाग, रुळाच्या पायांखाली लागलेला कातळ, कारणं सगळी खरीच असतात. लोक उशीर महिन्यांत मोजतात. तो सेंटिमीटरमध्ये मोजावा. चार ते दहा वर्षांचं पोर वर्षाला साधारण सहा सेंटिमीटर वाढतं. दोन वर्षं उशीर म्हणजे बारा. चित्र छापलं त्या दिवशी पट्टीखाली राहिल्याने रडलेलं पोर राइड उघडते तेव्हा पट्टीच्या वर असतं, आणि आणखी थोड्या सेंटिमीटरांनी त्याला आईशेजारी बसायची लाज वाटायला लागते. मधली फट फार अरुंद आहे. आजीच्या गुडघ्यांचं माप त्याच काळात उलट्या दिशेने चाललेलं. चाळीस पायऱ्या चढून फलाट, मग गुडघ्याएवढ्या उंच कठड्यावरून पाय टाकून डब्यात उतरायचं; चित्रातली आजी तिथे कशी पोचली, ते चित्रकारालाच ठाऊक.

वॉल्ट डिस्नी सांगायचा की पार्काची कल्पना त्याला एका बाकावर सुचली. मुली लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कातल्या मेरी-गो-राउंडवर बसलेल्या, हा बाकावर शेंगदाणे खात त्यांची वाट बघत. मोठ्यांनी आणि मुलांनी एकत्र मजा करावी अशी जागा हवी, असं त्याला वाटलं. म्हणजे बाक रिकामा करण्यासाठी एवढा सगळा खटाटोप. सत्तर वर्षं झाली. प्रत्येक राइडच्या बाहेरच्या वाटेवर एक बाक असतो आणि त्यावर कुणीतरी बसलेलंच असतं. मांडीवर चार जणांचे मोबाइल, दोन चष्मे, पाण्याची बाटली, अर्धा खाल्लेला वडापाव.

पुरवणीतल्या चित्रात तो बाक शोधला. झाडं आहेत, दिवे आहेत, फुगा आहे, बाक नाही. आता पिशव्या कुणी धरायच्या?