पोलंडच्या आधी स्पेन

दुसरे महायुद्ध १ सप्टेंबर १९३९ रोजी पोलंडवरील आक्रमणाने सुरू झाले असे पाठ्यपुस्तकात छापलेले असताना तुम्ही दर वर्षी स्पेनच्या यादवी युद्धापासून सुरुवात का करता, असे मला विद्यार्थी विचारतात, त्यांचे पालक विचारतात, आणि अभ्यासक्रम वेळेत संपवण्याची काळजी वाहणारे सहकारी तर जरा वैतागूनच विचारतात. तुम्हीही विचारलेत म्हणून एकदा सविस्तर लिहितो. ब्रिटन आणि फ्रान्स १९३९ पर्यंत हिटलर-मुसोलिनींपुढे का नमत गेले, हे समजावून सांगताना सगळेजण म्युनिकचा, म्हणजे चेकोस्लोव्हाकियाचा भाग हिटलरला देऊन टाकणाऱ्या १९३८ च्या कराराचा, दाखला देतात. पण म्युनिकचा प्रसंग काही दिवसांत आटोपला, तर स्पेनमध्ये तेच धोरण जवळजवळ पावणेतीन वर्षे, तेही एका समितीच्या रीतसर बैठकांतून, राबवले गेले. त्या समितीचे कामकाज समजले की पुढची बरीच कोडी सुटतात.

घटनाक्रम आधी सांगतो. फेब्रुवारी १९३६ च्या निवडणुकीत स्पेनमध्ये डाव्या आणि प्रजासत्ताकवादी पक्षांची ‘लोकआघाडी’ सत्तेवर आली. १७ जुलै रोजी स्पॅनिश मोरोक्कोतील सैन्याने बंड केले आणि दुसऱ्या दिवशी ते मुख्य भूमीवर पसरले. मात्र माद्रिद, बार्सिलोना आणि व्हॅलेन्सिया ही मोठी शहरे सरकारच्याच हाती राहिली. सोन्याचा राष्ट्रीय साठाही सरकारकडेच होता. बंडाचे नियोजित प्रमुख सेनापती सानहुर्हो तीनच दिवसांत विमान अपघातात मरण पावले. सर्वांत कडवे लढाऊ सैन्य जनरल फ्रँकोंच्या हाताखाली मोरोक्कोत होते, पण नौदलातील खलाशांनी आपल्याच बंडखोर अधिकाऱ्यांना पकडल्यामुळे त्या सैन्याला समुद्र ओलांडता येईना. बंड तिथेच फसले असते, असे मला वाटते. ते फसले नाही, कारण २५ जुलैच्या रात्री, बायरॉइट येथे वॅग्नरच्या संगीत महोत्सवाला गेलेल्या हिटलरने फ्रँकोच्या दूतांना भेटून वाहतुकीची युंकर्स विमाने देण्याचे ठरवले. पाठोपाठ मुसोलिनीची विमानेही निघाली. त्या काळी एवढ्या मोठ्या सैन्याची हवाई मार्गाने ने-आण कुणी पाहिलेली नव्हती.

आता दुसरी बाजू. स्पेनच्या सरकारने फ्रान्सकडे शस्त्रे मागितली तेव्हा तिथे समाजवादी लेओं ब्लूम पंतप्रधान होते आणि त्यांचेही सरकार लोकआघाडीचेच होते. कायदेशीर सरकारने दुसऱ्या देशाकडून शस्त्रे विकत घेणे यात गैर काहीच नव्हते, आणि ब्लूम यांनी प्रथम होकारही दिला. मग मात्र फ्रान्समधील उजव्या वृत्तपत्रांनी गदारोळ केला, ब्लूम यांच्या स्वतःच्या मंत्रिमंडळात फूट पडू लागली, आणि लंडनहून सावधगिरीचा सल्ला आला. आपल्याकडेही यादवी पेटेल आणि जर्मनीविरुद्ध ब्रिटनचा आधार सुटेल, या दुहेरी भीतीने ब्लूम मागे हटले. कुणीच हस्तक्षेप करू नये असा करार त्यांच्याच सरकारने युरोपपुढे मांडला, आणि ऑगस्टमध्ये फ्रान्सची सीमा शस्त्रांसाठी बंद झाली.

या करारावर देखरेख ठेवण्यासाठी नेमलेल्या समितीची पहिली बैठक ९ सप्टेंबर १९३६ रोजी लंडनमध्ये झाली. पुढे लॉर्ड प्लिमथ तिचे अध्यक्ष झाले. सत्तावीस देश सदस्य होते; त्यांत जर्मनी, इटली, पोर्तुगाल आणि सोव्हिएत संघ, म्हणजे हस्तक्षेप करणारे सगळेच, मांडीला मांडी लावून बसलेले होते. ज्याच्याविषयी चर्चा चालायची तो स्पेन मात्र सदस्य नव्हता, आणि तक्रार सदस्य सरकारांकडूनच यावी लागे. एप्रिल १९३७ मध्ये समितीने स्पेनच्या किनाऱ्यावर आरमारी गस्त सुरू केली, तेव्हा सरकारच्या ताब्यातील भूमध्य किनाऱ्यावर लक्ष ठेवण्याचे काम कुणाला दिले असेल? जर्मनी आणि इटलीला. हवाई मार्ग तर या योजनेत धरलेलाच नव्हता. त्याच महिन्याच्या २६ तारखेला, बाजाराच्या दिवशी, फ्रँकोच्या मदतीला आलेल्या जर्मनीच्या काँडोर या हवाई दलाने इटालियन विमानांच्या साथीने गेर्निका हे बास्क प्रांतातील गाव बाँबफेक करून जाळले, आणि बास्क लोकांनी स्वतःच ते पेटवले असा खुलासा फ्रँकोच्या बाजूने करण्यात आला. महिनाभरानंतर ‘डॉइचलांड’ या जर्मन युद्धनौकेवर सरकारी विमानांनी बाँब टाकल्यावर त्या गस्तवाल्या जर्मन आरमाराने आल्मेरिया शहरावर तोफा डागल्या. समिती तरीही मोडली नाही.

ही समिती निव्वळ दुबळी होती असे समजणाऱ्यांना मी न्यॉनचे उदाहरण देतो. १९३७ च्या उन्हाळ्यात ‘अज्ञात’ पाणबुड्या भूमध्य समुद्रात मालवाहू जहाजे बुडवू लागल्या. त्या इटलीच्या आहेत हे सर्वांना ठाऊक होते. यात ब्रिटिश जहाजांवरही हल्ले होऊ लागले, तेव्हा सप्टेंबरमध्ये स्वित्झर्लंडमधील न्यॉन येथे परिषद भरली आणि अशी पाणबुडी दिसल्यास बुडवण्याचे अधिकार ब्रिटिश व फ्रेंच गस्ती नौकांना देण्यात आले. हल्ले झपाट्याने कमी झाले. जिथे स्वतःचा व्यापार अडला तिथे निर्धार काही दिवसांत गोळा झाला. स्पेनसाठी तो कधीच झाला नाही.

यावर ठरलेला आक्षेप असा येतो की प्रजासत्ताकाचा, म्हणजे सरकारी बाजूचा, पराभव डाव्यांच्या आपसांतील भांडणांमुळे झाला. भांडणे होती आणि ती रक्तरंजित होती. मे १९३७ मध्ये बार्सिलोनाच्या रस्त्यांवर अराज्यवादी आणि कम्युनिस्ट एकमेकांवर गोळ्या झाडत होते. आंद्रेउ निन या स्टालिनविरोधी मार्क्सवादी नेत्याला सोव्हिएत गुप्त पोलिसांनी संपवले. युद्धाच्या पहिल्या महिन्यांत सरकारी भागात हजारो धर्मगुरू मारले गेले, हेही झाकण्यासारखे नाही, जरी एकूण हत्यांची संख्या फ्रँकोच्या बाजूला कितीतरी मोठी असली. पण कम्युनिस्टांचे वजन वाढले कशामुळे, हा प्रश्न विचारला पाहिजे. लंडन आणि पॅरिसचे बाजार बंद झाल्यावर बाजू घेऊन शस्त्रे देणारे दोनच देश उरले: उघडपणे मदत करणारा मेक्सिको, जो फार देऊ शकत नव्हता, आणि सोव्हिएत संघ, ज्याने ऑक्टोबर १९३६ पासून रणगाडे व विमाने पाठवली आणि ज्याच्याकडे सुमारे ५१० टन सोने रवाना झाले. रोख पैसे मोजूनही मिंधे राहण्याची वेळ या सरकारवर आली. फ्रँकोला मात्र शस्त्रे उधारीवर मिळत होती, टेक्साको कंपनीचे तेलही उधारीवर मिळत होते, आणि त्यामुळेच आपल्या बाजूच्या फॅलांज (फॅसिस्ट) व कार्लिस्ट (कट्टर राजेशाहीवादी) या परस्परविरोधी गटांना एका फर्मानाने एकत्र बांधणे त्याला जमले. एकी हा काही त्याच्या बाजूचा उपजत गुण नव्हता.

आपल्याकडचा दुवा विचारतात म्हणून सांगतो. नागपूरचे गोपाळ मुकुंद तथा बाळाजी हुद्दार हे राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे पहिले सरकार्यवाह. पुढे लंडनला गेल्यावर त्यांचे विचार बदलले, ‘जॉन स्मिथ’ या नावाने ते स्पेनच्या सरकारच्या बाजूने लढणाऱ्या परदेशी स्वयंसेवकांच्या आंतरराष्ट्रीय ब्रिगेडमध्ये दाखल झाले, १९३८ मध्ये गांदेसाजवळ पकडले गेले आणि काही महिने फ्रँकोच्या छावणीत कैदेत होते. भारतात परतल्यावर ते कम्युनिस्ट पक्षात गेले. त्यांच्यावर मराठीत जितके लिहिले जायला हवे होते तितके लिहिले गेलेले नाही. गोमंतकीय वाचकांसाठी आणखी एक गोष्ट: फ्रँकोला शेजारून रस्ता आणि रसद पुरवणारा पोर्तुगालचा सालाझार हाच त्या वेळी गोव्याचाही राज्यकर्ता होता, आणि १९६१ पर्यंत राहिला.

मग १९३१ मध्ये जपानने बळकावलेले मांचुरिया किंवा १९३५ मध्ये इटलीने स्वारी केलेला इथिओपिया, म्हणजे तेव्हाचे अ‍ॅबिसिनिया का नाही, असा प्रश्न चांगले विद्यार्थी विचारतात, आणि तो रास्त आहे. राष्ट्रसंघाची (त्या काळच्या ‘लीग ऑफ नेशन्स’ची) लाज तिथेच गेली होती. पण तिथे एका देशाने दुसऱ्यावर केलेली स्वारी होती. बाजू कोणती घ्यायची याबद्दल लंडनमध्ये मतभेद नव्हते, केवळ किंमत मोजायची नव्हती. स्पेनमध्ये ब्रिटिश सत्ताधाऱ्यांपैकी अनेकांना निवडून आलेल्या सरकारपेक्षा फ्रँको परवडणारा वाटत होता, कारण त्यांना फॅसिझमपेक्षा क्रांतीची धास्ती जास्त होती. सप्टेंबर १९३८ मध्ये एब्रो नदीवर सरकारी फौजा झुंजत असताना, युरोपात मोठे युद्ध पेटले तर लोकशाही राष्ट्रे अखेर आपल्या बाजूला येतील, या आशेवर पंतप्रधान नेग्रिन तग धरून होते. म्युनिकच्या कराराने ती आशा संपवली. २७ फेब्रुवारी १९३९ रोजी, माद्रिद अजून पडलेले नसताना, ब्रिटन आणि फ्रान्स यांनी फ्रँकोच्या राजवटीला मान्यता दिली. १ एप्रिलला त्याने विजय जाहीर केला. पोलंडवर स्वारी झाली ती त्यानंतर बरोबर पाच महिन्यांनी, आणि काँडोर दलात तयार झालेले कित्येक वैमानिक तिच्यात होते.