आमची वाटचाल : लग्नाच्या अल्बमपासून स्टीलच्या वाटीपर्यंत

बेळगावच्या खडेबाजारातला आमचा फोटो स्टुडिओ वडिलांनी सुरू केला. ओळखपत्राचे फोटो, लग्नाचे अल्बम, हेच काम. घरोघरी मोबाइल आले आणि ते आटत गेलं. त्याच सुमारास उद्यमबाग या इथल्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखानदारांनी हायड्रॉलिक व्हॉल्व्हचे फोटो कॅटलॉगसाठी मागितले आणि आमचा धंदाच पालटला.

माणसाच्या चेहऱ्यावर प्रकाश टाकला की तो दिसतो. पॉलिश केलेल्या स्टीलचं तसं नाही. समोर असेल तेच त्यात उमटतं : खिडकी, कॅमेरा, आपला शर्ट. म्हणून आम्ही व्हॉल्व्हभोवती ट्रेसिंग पेपर उभारतो आणि दिवा त्या कागदावर मारतो. स्टीलमध्ये दिसतो तो उजळलेला कागद. कडा उठाव्यात म्हणून बाजूला काळ्या कार्डपेपरच्या पट्ट्या लावतो. चमक घालवायला लेन्सवर पोलरायझर हा फिल्टर लावा, असं पुष्कळजण सुचवतात. काचेवर, प्लास्टिकवर तो उपयोगी पडतो, धातूच्या चमकेवर नुसता फिल्टर काही करत नाही. माल गंज धरू नये म्हणून तेल लावून येतो. ते पुसण्यातच निम्मा वेळ जातो, आणि बेळगावच्या पावसाळ्यात तर फोटो झाल्या झाल्या पुन्हा तेल लावावं लागतं.

या कामानं रोजच्या वस्तूंचा नाद लागला. छायाचित्रकार आंद्रे केर्तेस यांनी 1928 साली ताटलीच्या काठावर टेकलेला एक काटा आणि त्याची सावली एवढंच टिपलं. अर्विंग पेन यांनी काढलेले सिगारेटच्या थोटकांचे फोटो 1975 मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात लागले. मग आम्ही निपाणीचं विडीचं बंडल टेबलावर घेतलं. लांबून साऱ्या विड्या एकसारख्या. जवळ गेलं की प्रत्येकीचा दोरा निराळा, कारण वळणारा हात एकेक विडी वळतो. यंत्रावरच्या वस्तूतही बघण्यासारखं असतंच. स्टीलच्या वाटीच्या तळाला गोल बारीक रेघा असतात. एका बाजूनं प्रकाश दिला की त्यावर चमकेचा पंखा उघडतो. हजारांनी बनते म्हणून वस्तू सामान्य, हे मला अजिबात पटत नाही.

अशा फोटोंचं कॅलेंडर आम्ही दिवाळीला मराठी आणि कन्नड, दोन्ही भाषांत छापतो. उद्यमबागेतल्या मशीनशॉपमध्ये ते लागलेलं बघितलं की फार बरं वाटतं.

सध्या खानापूर भागातल्या मंगलोरी कौलांवर काम चालू आहे. जुन्या घरावरून उतरवलेलं, छाप शाबूत असलेलं कौल कुणाकडे असेल तर जरूर घेऊन या. फोटो काढून जसंच्या तसं परत करू.