टाकीचा बझर: पहिला नमुना छोटाच हवा

घरातली अडचण सोडवा म्हटलं की मुलांकडून हमखास येणारी कल्पना म्हणजे टाकी भरली की मोटार आपोआप बंद. कल्पना चांगलीच आहे. पण २३० व्होल्टच्या मोटारीला मुलांनी हात लावायचा नाही, म्हणून रिले (छोट्या प्रवाहाने मोटार चालू-बंद करणारा स्विच) वगैरे सध्या बाजूला. पहिल्या नमुन्याने एकाच प्रश्नाचं उत्तर द्यायचं: पाणी वर आलं, हे खाली कळतं का?

सामान थोडकं: ९ व्होल्टची बॅटरी आणि क्लिप, बीसी ५४७ ट्रान्झिस्टर (बेस या पायाला थोडा प्रवाह मिळाला की कलेक्टर ते एमिटर मोठा प्रवाह सोडणारा तीन पायांचा भाग), १ किलोओहमचा रेझिस्टर म्हणजे प्रवाह आवरणारा रोधक (त्यावरचे पट्टे तपकिरी, काळा, लाल), बझर, ब्रेडबोर्ड (डाग न देता जोडण्या करायचा छिद्रांचा बोर्ड), वायरी. बझर घेताना बॅटरी लावून दुकानातच वाजवून बघा. नुसती पायझो चकती टक् करते आणि गप्प बसते.

ट्रान्झिस्टरची सपाट बाजू आपल्याकडे, पाय खाली. डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. बॅटरीचं धन टोक बझरच्या धन पायाला, बझरचा दुसरा पाय कलेक्टरला, एमिटर बॅटरीच्या ऋण टोकाला. पाण्यात सोडायच्या दोन वायरींपैकी एक बॅटरीच्या धन टोकापासून, दुसरी रेझिस्टरमधून बेसला. रेझिस्टर गाळला आणि वायरींची टोकं चिकटली, तर ट्रान्झिस्टर जळतो.

बहुतेक गडबड ब्रेडबोर्डवरच होते. मधल्या भागात ओळीतली पाच छिद्रं आतून जोडलेली असतात, आणि मुलं ट्रान्झिस्टरचे दोन पाय नेमके त्याच ओळीत खुपसतात. बोर्ड एकदा मागची चिकटपट्टी सोलून उघडा दाखवावा. तोंडी समजावून ते डोक्यात शिरत नाही.

मग बादली. पाणी उतरल्यावरही बझर वाजत राहिला तर वायरींमध्ये ओलावा साठलाय. टोकं एकमेकांपासून २ सेंटीमीटर लांब ठेवा, झाकणाला वेगवेगळी भोकं पाडा. पावसाच्या किंवा आरओच्या पाण्यात क्षार कमी, त्यामुळे वीज कमी वाहते आणि आवाज बारीक येतो. तिथे दुसरा बीसी ५४७ जोडायचा: पहिल्याचा एमिटर दुसऱ्याच्या बेसला, दोन्ही कलेक्टर एकत्र, आणि बॅटरीचं ऋण टोक आता दुसऱ्याच्या एमिटरला.

तांब्याची टोकं पाण्यात बुडालेलीच राहिली तर धन बाजूची वायर हिरवी पडून झिजते. विद्युत अपघटनाचा (विजेमुळे होणाऱ्या रासायनिक बदलाचा) धडा इथेच घ्यावा, आणि वायरींच्या टोकांना स्टेनलेस स्टीलचे स्क्रू बांधावेत.