प्रत्ययातून प्रवास

मराठी शाळेत शिकलेल्या माणसाला विभक्ती विसरायची म्हटली तरी विसरता येत नाही. ‘स, ला, ते, स, ला, ना, ते’ झोपेतून उठवलं तरी म्हणता येतं. लॅटिनमध्येही हाच कारभार आहे. ‘ओम्निस’ म्हणजे सर्व. त्याची अनेकवचनी चतुर्थी ‘ओम्निबस’, म्हणजे सर्वांना, सर्वांसाठी. इंग्रजांनी त्यातलं ‘सर्व’ गाळलं आणि नुसता प्रत्यय ठेवला: बस. उद्या आपण ‘सर्वांना’मधला शेवटचा ‘ना’ तोडून ‘स्वारगेटची ना गेली का हो?’ असं विचारायला लागलो तर काय होईल? तेच तिकडे झालं, आणि जगाने ते मुकाट्याने स्वीकारलं. सुरुवातीला काही काटेकोर मंडळी ‘बस’च्या आधी लोपचिन्ह देत, इथलं काहीतरी गाळलंय हे कळावं म्हणून. ही माणसं नारायण पेठेत शोभली असती.

माझ्या मावशीची व्युत्पत्ती सरळ होती. बसायची म्हणून बस. ऐकायला बरी वाटते, पण संध्याकाळी सहाला मनपावरून हडपसरची गाडी धरणाऱ्याला ती पटणं कठीण. तिथे एक हात वरच्या दांड्याला, दुसरा पाकिटावर, आणि पाय कुणाच्या तरी पिशवीवर. मागून कंडक्टर ‘पुढे सरका, मधे सगळी जागा मोकळी आहे’ म्हणत डबल बेल देतो. त्याला जी जागा दिसते ती आजवर कुठल्याही प्रवाशाला दिसलेली नाही.

‘सर्वांसाठी’ हा शब्द मात्र फुकट आलेला नाही. ज्याच्या नावाचा त्रिकोण आणि दाबाचं एकक आपण शाळेत शिकलो, त्या ब्लेझ पास्कलने 1662 साली पॅरिसमध्ये ठरलेल्या मार्गाने, ठरलेल्या भाड्यात धावणाऱ्या घोडागाड्या सुरू करवल्या. भाडं पाच सू, म्हणजे तिथली तेव्हाची नाणी. पण सैनिक, नोकरचाकर, मजूर यांना आत बसायची मनाई! ती सेवा काही वर्षांत बंद पडली, ते बरंच झालं.

पुढे 1826 मध्ये फ्रान्सच्याच नान्त शहरात स्तानिस्लास बोद्री नावाच्या गृहस्थाने शहराबाहेर गरम पाण्याचं स्नानगृह चालवलं आणि गिऱ्हाइकांना आणायला गाडी ठेवली. लोक वाटेतच उतरू लागले. अंघोळ राहिली बाजूला, गाडीच चालली. असं सांगतात, की तिचा थांबा ओम्नेस नावाच्या टोपीवाल्याच्या दुकानासमोर होता आणि दुकानावर पाटी होती, ‘ओम्नेस ओम्निबस’. गोष्ट इतकी चपखल आहे की मला तिचा संशयच येतो. पण दुकानाच्या पाटीवरून बसला नाव पडलं असेल, तर ते निदान पुणेकराने तरी खोटं म्हणू नये.

1829 मध्ये जॉर्ज शिलिबियरने ती गाडी लंडनला नेली आणि तिथे तिचं नाव लवकरच शेपटापुरतं उरलं. आपण उलट टोकाचे. 2007 साली पुण्याची बससेवा पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी मिळून पीएमपीएमएल झालं, पण जुना पुणेकर अजून ‘पीएमटीने आलो’ म्हणतो. एवढी अक्षरं उच्चारेपर्यंत बस निघून जाते, हे त्याला अनुभवाने माहीत आहे.

भोसरीच्या कारखान्यांत विजेच्या पॅनलमध्ये तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची जाड पट्टी असते, तिला बसबार म्हणतात. सगळ्या फाट्यांना वीज तीच पुरवते, म्हणून तीही ‘ओम्निबस’चीच लेक. संगणकातली बस तिच्याच घराण्यातली. आणि यूएसबी म्हणजे युनिव्हर्सल सिरियल बस. गाळलेलं ‘सर्व’ बिचारं वेगळ्या वेशात परत येऊन पुढे उभं राहिलं.

मग मूळ शब्दाचं तोडलेलं डोकं कुठे गेलं? ते मारुतीला मिळालं. 1984 मध्ये आलेल्या त्यांच्या व्हॅनचं नाव पुढे ‘ओम्नी’ झालं आणि पुण्यातली निम्मी पोरं तिच्यात कोंबून शाळेत पोहोचली. तिच्यामागचा ‘व्हॅन’ हाही तोडलेलाच, फारसी ‘कारवान’वरून आलेल्या इंग्रजी शब्दाचं शेपूट. म्हणजे काका ज्या ओम्नी व्हॅनचा हॉर्न सकाळी साडेसहाला आमच्या गल्लीत वाजवायचे, तिचं डोकं लॅटिन, शेपूट फारसी, आणि मधे अकरा दप्तरं.