उद्या रात्री भेटूच

सेंट लुईसला राहायला आले तेव्हा बेसबॉलमधलं मला काही म्हणजे काही कळत नव्हतं. एक वाक्य मात्र पहिल्याच वर्षी पाठ झालं: ‘वी विल सी यू टुमारो नाइट.’ २०११ सालचा विषय निघाला की कुणीतरी ते म्हणायचंच, आणि म्हणताना आवाज जरा हळवा व्हायचा. त्याच वर्षी एप्रिलमध्ये वानखेडेवर धोनीच्या षटकारावर रवी शास्त्री जे बोलले ते आपल्याला जसं पाठ आहे ना, अगदी तसं.

वर्ल्ड सिरीज म्हणजे अमेरिकी बेसबॉलची अंतिम लढत. ती सात सामन्यांची असते, चार जिंकेल तो विजेता. २७ ऑक्टोबर २०११ला इथल्या बुश स्टेडियमवर सहावा सामना होता आणि इथला संघ, कार्डिनल्स, टेक्सास रेंजर्सच्या मागे होता, ३-२. हरले की संपलं. त्या रात्री दोन वेळा तर पराभव एका स्ट्राइकवर, म्हणजे फलंदाजाच्या एका हुकलेल्या चेंडूवर, येऊन ठेपला होता. दोन्ही वेळा ते वाचले. मग नेहमीच्या नऊ इनिंग संपून अकराव्या इनिंगमध्ये डेव्हिड फ्रीझ या इथेच वाढलेल्या खेळाडूनं होम रन मारली, म्हणजे आपल्या षटकारासारखा चेंडू सीमेपार धाडला, सामना जिंकून दिला आणि फॉक्स वाहिनीवर समालोचक जो बक म्हणाला, उद्या रात्री भेटूच. म्हणजे सातवा सामना होणार.

पण हे वाक्य त्याच्या वडिलांचं. जॅक बक अनेक दशकं कार्डिनल्सचा आवाज, म्हणजे त्यांचे समालोचक होते, २००२ मध्ये गेले. १९९१च्या वर्ल्ड सिरीजमध्ये मिनेसोटाच्या कर्बी पकेटनं होम रन मारली तेव्हा टीव्हीवर ते हेच म्हणाले होते. तोही सहावा सामना होता, तीही अकरावी इनिंग.

हे कळल्यावर माझं मत बनलं की उसनं वाक्य पहिल्या रांगेत बसू शकत नाही. समालोचकाचं वाक्य त्या क्षणाच्या पोटातूनच यायला हवं. १९८० मध्ये लेक प्लॅसिडला अमेरिकेच्या कॉलेजातल्या पोरांनी बर्फावरच्या हॉकीत सोव्हिएत संघाला ४-३ असं हरवलं, तेव्हा शेवटचे सेकंद मोजता मोजता अल मायकल्सनं विचारलं, ‘चमत्कारांवर विश्वास आहे तुमचा?’ आणि स्वतःच ओरडला, ‘येस!’ तसं काहीतरी हवं, असं मी शेजारच्या आजोबांना सांगितलं. त्यांना ते मुळीच पटलं नाही. ‘आधी १९८८ ऐक,’ म्हणाले. ‘दोन्ही ऐक. टीव्हीवरचंही आणि रेडिओवरचंही.’

मी ऐकलं, आणि त्यानंतर किती वेळा ऐकलं त्याची गणतीच नाही. १९८८च्या वर्ल्ड सिरीजचा पहिला सामना, लॉस एंजेलिस. तिथला संघ डॉजर्स ओकलंडच्या एका रननं मागे, नववी म्हणजे शेवटची इनिंग, तीनपैकी दोन बाद. डॉजर्सच्या कर्क गिब्सनचे दोन्ही पाय दुखावलेले, तो खेळणार नाही असंच सगळे धरून चालले होते. तो लंगडत आला आणि चेंडू थेट प्रेक्षकांत भिरकावला. टीव्हीवर समालोचक विन स्कली होते. चेंडू गेला एवढंच त्यांनी सांगितलं आणि ते गप्प झाले. मिनिटभराहून जास्त एक शब्द नाही. गर्दीचा कल्लोळ, गिब्सन मूठ वळून हात मागे खेचत लंगडत धावतोय, सगळं आपल्याला दिसतंय. मग शांतपणे एकच वाक्य: इतक्या अनपेक्षित वर्षात अशक्य तेच घडलं आहे.

त्याच क्षणी सीबीएस रेडिओवर जॅक बक भडाभडा बोलत होते. चेंडू कुठे चाललाय, होम रन होणार, झाली, डॉजर्स ५-४ जिंकले! आणि शेवटी, ‘आय डोन्ट बिलीव्ह व्हॉट आय जस्ट सॉ!’ आत्ता जे पाहिलं त्यावर माझाच विश्वास बसत नाहीये. ऐकणाऱ्याला दिसत नव्हतं, म्हणून त्यांनी आधी सगळं दाखवलं, स्कोअरसुद्धा, आणि मगच स्वतःच्या भावनेला वाट दिली. हा क्रम मला फार मोठा वाटतो.

मग १९९१ पुन्हा पाहिलं आणि चमकले. रेडिओवर एवढं सांगणारा हा माणूस टीव्हीवर चेंडूचं वर्णन करत बसला नाही. चेंडू सगळ्यांना दिसत होता. दिसत नव्हता तो उद्याचा सामना, तेवढाच त्यानं सांगितला. वीस वर्षांनी मुलानं तेच केलं. ‘माझे वडील म्हणायचे तसं’ वगैरे काही जोडलं नाही. ज्यांना आठवत होतं त्यांना गलबलून आलं, आणि ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांनाही वाक्य पुरेपूर कळलं. मग तोही गप्प बसला आणि स्टेडियमला बोलू दिलं. वाक्य उसनं असेल, पण ते कुठे ठेवायचं ही समज उसनी आणता येत नाही.

माझी नवी क्रमवारी मी आजोबांना सांगितली: पहिले स्कली, दुसरा जो बक. त्यांनी मान हलवली. त्यांच्या लेखी पहिले जॅकच, १९८८च्या रेडिओवरचे. त्या रात्री आजोबा कामावर होते, जवळ फक्त रेडिओ होता. मी फोन काढला आणि गिब्सनच्या होम रनचं चित्रण लावू का म्हणून विचारलं.

‘नको,’ म्हणाले. ‘मी पाहिलंय ते.’